किशोरांची सामाजिक बुद्धिमत्ता आणि महाराष्ट्रातील वसतिगृहांची परंपरा

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, पुणे–अहिल्यानगर मार्गावर, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला लागून कारेगाव वसले आहे. कारखाने येण्यापूर्वी या परिसरातील मुलगा ज्यांच्या सहवासात वाढे, ती माणसे बहुधा भावकीतील, वाडीवस्तीवरील व पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाची असत. वसाहत झाल्यावर मराठवाडा, विदर्भ व उत्तरेकडील राज्यांतून कुटुंबे कामासाठी आली आणि त्यांची मुले स्थानिक मुलांच्या शेजारी बसू लागली. अपरिचित सोबत्याचे मन ओळखून त्याच्याशी उचित वर्तन करण्याची शक्ती केवळ अशा शेजाराने किशोरांच्या अंगी येते काय? हा प्रश्न मानसशास्त्राचा खरा. परंतु त्याच्या उत्तराचा काही भाग महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात सापडतो.

या शक्तीला ‘सामाजिक बुद्धिमत्ता’ हे नाव देऊन तिचे विवेचन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली केले. शब्द व कल्पना हाताळणारी अमूर्त बुद्धी, वस्तू व यंत्रे हाताळणारी यांत्रिक बुद्धी आणि माणसांना समजून घेऊन त्यांच्याशी शहाणपणाने वागणारी सामाजिक बुद्धी, असे तीन प्रकार त्यांनी मानले. यांपैकी तिसरी खेळाच्या मैदानावर, बराकीत, कारखान्यात विपुल आढळते, पण प्रयोगशाळेतील ठरीव चाचणीला सहसा गवसत नाही, असेही त्यांनी नमूद केले होते. पुढे १९३७ साली त्यांचेच पुत्र रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी सॉल स्टाइन यांच्यासह तत्कालीन चाचण्यांची छाननी केली, तेव्हा लेखी चाचण्यांत सामाजिक बुद्धी भाषिक क्षमतेपासून वेगळी काढणे किती कठीण आहे हे स्पष्ट झाले. भारतात वि. वि. कामत यांनी बिने यांची मापनश्रेणी मराठी व कन्नड मुलांसाठी सिद्ध केली. तिचा विषय सामान्य बुद्धी हा होता. सामाजिक बुद्धीसाठी एन. के. चढ्ढा व उषा गणेशन यांची मापनश्रेणी १९८६ साली आली. सहनशीलता, सहकार्य, आत्मविश्वास, संवेदनशीलता, सामाजिक परिस्थितीची जाण, व्यवहारचातुर्य, विनोदबुद्धी व स्मरण अशी आठ अंगे तीत मानली आहेत.

शास्त्र या गुणाची व्याख्या करीत होते त्याच सुमारास महाराष्ट्रात, त्याचे नावही न घेता, तो घडविण्याचे प्रयत्न चालू होते. त्यांची पूर्वपीठिका कोल्हापुरात आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने तेथे १९०१ पासून मराठा, जैन इत्यादी समाजांची वसतिगृहे निघाली आणि १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. सहभोजन व सहवास यांवरील तत्कालीन निर्बंध पाहता, समाजवार वसतिगृहे हाच शिक्षणप्रसाराचा शक्य मार्ग होता. त्याने खेड्यातील मुलाला शहरातील शाळा मिळाली. परंतु दुसऱ्या समाजाचा मुलगा त्याला वर्गात भेटे, ताटाशेजारी नव्हे.

ही उणीव स्वतःच्या अनुभवाने जाणणारा एक विद्यार्थी त्याच नगरात होता. भाऊराव पाटील (१८८७–१९५९) जैन वसतिगृहात राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास उपस्थित राहिल्यानंतर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला व त्यामुळे त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले, असे चरित्रकार नोंदवितात. १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव देण्यात आले.

साताऱ्याच्या प्रयोगाचे मर्म केवळ एकत्र निवासात नव्हते. मुले स्वयंपाक, झाडलोट व शेतीची कामे स्वतः करीत. पीठ कोणी मळावे, पाणी कोणी भरावे, हे जन्मावरून नव्हे, पाळीवरून ठरे. भाकरी करपली तर सर्वांचीच करपे. म्हणून शेजाऱ्याचा आळस, आजार किंवा रुसवा ओळखणे हा उपदेशाचा विषय न राहता रोजच्या व्यवहाराचा भाग होई. सहकार्य, सहनशीलता व परिस्थितीची जाण ही अंगे पुढे मापनश्रेणीत आली. येथे ती आचारात आली होती.

दुसरा घटक अंमळनेर येथे दिसतो. प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेले साने गुरुजी छात्रालयाचीही व्यवस्था पाहत. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे ही कामे ते स्वतः करीत. ‘छात्रालय दैनिक’ हे हस्तलिखितही ते चालवीत. अधिकार असलेला प्रौढ मनुष्य आपल्यासाठी वाकतो, हे पाहणाऱ्या किशोरास अधिकार व सेवा यांचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही. साताऱ्यातही लक्ष्मीबाई पाटील यांनी मुलांच्या अन्नासाठी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. वसतिगृहातील मुलांपुढे हा आदर्श होता.

या परंपरेच्या मर्यादाही ध्यानात घेणे अवश्य आहे. वरील वसतिगृहे मुलांची होती. किशोरींना असा सहवास फार उशिरा व अल्प प्रमाणात लाभला. शिवाय वसतिगृहांची साक्ष आचाराची आहे, मापनाची नव्हे. तथापि एवढा निष्कर्ष सयुक्तिक ठरतो की, भिन्नता स्वतःहून सामाजिक बुद्धी निर्माण करीत नाही. भिन्न मुलांना समान दर्जाने वाटून घ्यावे लागणारे काम आणि आचरणाने शिकविणारा प्रौढ, या दोहोंची जोड मिळाली तरच ती निर्माण होते.

कारेगावसारख्या गावांना हा इतिहास याच कारणास्तव उपयोगी आहे. कोल्हापूर-साताऱ्यात जी भिन्नता संस्थापकांना प्रयत्नाने एकत्र आणावी लागली, ती येथे कारखान्यांनी आणून ठेवली आहे. परंतु एका बाकावर बसणे व एका कामाची पाळी वाटून घेणे यांत अंतर आहे. बाक उद्योगाने भरला. पाळी शाळेने व गावाने लावावयाची आहे.