बियर, बर्फ आणि माडी

व्याख्यानमालेत बियरचा इतिहास सांगावयाचा म्हटल्यावर काही श्रोत्यांच्या भुवया उंचावल्या, हे मी व्यासपीठावरून पाहिले. मद्याची भलावण करण्याचा माझा मुळीच विचार नाही. उष्ण देशात चांगली बियर मिळावी कशी, या साध्या प्रश्नापायी साहेबाने दोनशे वर्षे केवढा खटाटोप केला आणि त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या दहिसर-गोराई-वसईच्या किनाऱ्यावर उभे असताना त्याचे काय केले, एवढेच मला सांगावयाचे आहे.

बियर म्हणजे सातूचे मोड आणून, ते वाळवून, उकळून, आंबवलेले पेय. आंबवणारे किण्व मोठे नाजूक. पंधरा-वीस अंश उष्णतामानात ते शहाण्यासारखे काम करते. आपल्या वैशाखात मात्र ते बेताल होते आणि त्याच्या जोडीला आंबटपणा आणणारे जंतू माजतात. म्हणून मुंबईत बियर करणे अशक्यप्राय होते. ती विलायतेहून आणावी लागे. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या गलबतांना चार-सहा महिने लागत, विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे आणि पिंपे तळघरात उकडत पडत.

लंडनच्या पूर्वेस बो येथे हॉजसन नावाचा मद्यकार होता. त्याची भट्टी कंपनीच्या जहाजांच्या गोदीपासून जवळ होती आणि तो कप्तानांना वर्ष-दीड वर्षाची उधारी देई. या दोन गोष्टींवर त्याने हिंदुस्थानचा बाजार काबीज केला. या प्रवासासाठी त्यानेच एक नवी बियर शोधून काढली, ही कथा लोकप्रिय असली तरी खरी नव्हे. कडवट हॉप फुले जास्त घालून टिकाऊ बियर करण्याची रीत आधीपासून होती. पुढे हॉजसन शिरजोर झाला, तेव्हा १८२२ साली कंपनीचे एक संचालक मार्जोरीबँक्स यांनी बर्टन गावच्या ऑलसॉपला या धंद्यात ओढले. ऑलसॉपच्या माणसाने पहिला नमुना चहाच्या किटलीत करून पाहिला असे सांगतात. बर्टनच्या विहिरींचे पाणी जिप्समयुक्त. त्यात फिकी, कडवट बियर फार चांगली उतरे. हीच ती पुढे जगभर गाजलेली ‘इंडिया पेल एल’. साध्या गोऱ्या सोल्जराच्या वाट्याला मात्र बहुधा काळी पोर्टरच येई.

पण बियर आली तरी ती गार कशी करावी? १८३३ साली ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याने बोस्टनहून कलकत्त्याला तळ्यातला बर्फ धाडला; १८० टनांपैकी सुमारे १०० टन पोचला. पुढच्याच वर्षी मुंबईला बर्फ लाभला. जमशेटजी जिजीभाईंच्या मेजवानीत आइस्क्रीम खाऊन पाहुण्यांना सर्दी झाली, अशी आख्यायिका तेव्हापासूनची. त्यानंतर साहेब थंडीच्या शोधात डोंगरावर चढला: कसौलीला डायरची भट्टी निघाली, १८६० साली मरीची कंपनी स्थापन झाली. १८६९ साली सुवेझ कालवा खुला होऊन समुद्रप्रवास आखूड झाला, आणि १८७० नंतरच्या दशकात लिंडेच्या शीतयंत्राने डोंगराचीही गरज संपवली. समुद्र, बर्फ, डोंगर, यंत्र! एका पेल्यापायी एवढे सगळे.

आता आपल्या अंगणात या. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याची ही सारी किनारपट्टी (दहिसरही १९५७ पर्यंत त्यातच होते) माडा-ताडांची. भंडारी खोडाच्या खाचांत पाय रोवून वर चढे, माडाची न उमललेली पोय बांधून तिचे टोक कोयतीने तासे आणि खाली मडके लटकावी. रात्रभर गोड रस ठिबके. हवेतले व मडक्यातले किण्व त्यात आपण होऊन शिरे. सकाळी तो गोड, दुपारी फेसाळ, संध्याकाळी आंबट आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिरका. ऐन बहरातल्या माडीची मादकता साधारण बियरइतकीच. उष्णतेशी झगडा नाही, उलट उष्णताच कामाला लावलेली. अट एकच, ती त्याच दिवशी प्यावयाची. इंग्लंडातला पाववाला बियरच्या भट्टीतला फेस आणून पीठ फुगवी. मुंबई-गोव्याचा पाववाला त्यासाठी माडी वापरी. दोघांचे नाते यापेक्षा अधिक काय सांगावे?

हा नाशवंतपणाच भंडाऱ्याच्या मुळावर आला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यावरील सरकारी पकड घट्ट झाली. माडीसाठी कर झाडावर बसे. झाडाने रस कमी दिला म्हणून तो कमी होत नसे, आणि उरलेली माडी उद्यासाठी ठेवता येत नसे. उलट भट्टीची कडक दारू वर्षभर टिके, मोजता येई, कोठारात कुलपाबंद ठेवता येई. सरकारी तिजोरीला कोणती अधिक प्रिय, हे सांगावयास नको. सौम्य पेय महाग व्हावे आणि जहाल सोयीचे, हा त्या व्यवस्थेचा मला सर्वांत मोठा दोष वाटतो. दारूचे दुष्परिणाम आपण सर्वच जाणतो. पण ते जाणणाऱ्याने तरी या दोहोंत फरक करावयास हवा होता.

तो स्वराज्यातही झाला नाही. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी आली. युद्धकाळात ती ढिली पडली, आणि १९४९ च्या कायद्याने सबंध मुंबई राज्य तिच्या कक्षेत आले. संसार मोडणाऱ्या व्यसनाविरुद्धची ती कळकळ खोटी नव्हती. तथापि माडावर जगणाऱ्या घरांचा धंदा एका लेखणीसरशी बुडाला. पुढे महाराष्ट्रात बंधने सैल झाली, बियरचे कारखानेही निघाले. त्या काळाची खूण म्हणून ‘परमिट रूम’ ही पाटी तेवढी आजही भिंतींवर दिसते.

दारूबंदीने भंडाऱ्याला एक वाट ठेवली, ती नीरेची. झाड तेच, पोय तीच, मडकेही तेच. फक्त रस आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावावयाचा आणि ऊन चढण्याआधी ते उतरवावयाचे. चुना लावलेला असला तर तो सरकारमान्य उद्योग, विसरला तर गुन्हा.