इबोलाची साथ आणि सिएरा लिओनमधील शस्त्रक्रिया
पश्चिम आफ्रिकेतील २०१४–१६ च्या इबोला साथीत सिएरा लिओनच्या शस्त्रक्रियासेवेची झालेली पडझड. गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन या देशांत मिळून ११,००० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. वेळेत शस्त्रक्रिया न मिळाल्याने दगावलेले मात्र या आकड्यात नाहीत, आणि साथीचे मोजमाप तेथेच अपुरे पडते.

२०१४ मध्ये साथ पसरताच सिएरा लिओनमधील मोठ्या शस्त्रक्रियांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. इबोलाचा विषाणू रक्त व शरीरातील इतर द्रवांतून पसरतो. त्यामुळे शस्त्रक्रियागृह अतिशय जोखमीची जागा ठरले. त्यातच ताप, उलट्या, पोटदुखी व रक्तस्राव ही लक्षणे इबोलाची, तशीच आतड्याला छिद्र पडलेल्या रुग्णाची किंवा अडलेल्या बाळंतिणीचीही. तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबावे, तर रुग्ण हातचा जाई. न थांबावे, तर डॉक्टर व परिचारिकांचा जीव धोक्यात येई. संसर्गाच्या भीतीने अनेकांनी रुग्णालयाची पायरी चढणेच टाळले.

मुळात देशात शल्यचिकित्सक मोजकेच होते. फ्रीटाउनमधील शल्यचिकित्सक मार्टिन सालिया यांचा नोव्हेंबर २०१४ मध्ये इबोलाने मृत्यू झाला. अशा देशात एक शल्यचिकित्सक जाणे म्हणजे हजारोंचा आधार तुटणे होय. शल्यचिकित्सकांची ही उणीव भरून काढण्यासाठी डॉक्टर नसलेल्या आरोग्य अधिकाऱ्यांना सिझेरियन, हर्निया यांसारख्या शस्त्रक्रिया शिकवण्याचा उपक्रम तेथे २०११ पासूनच सुरू झाला होता.