जुनी कार्बन सायकल घेताना : वय नव्हे, इतिहास तपासा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना बांबूचा गुणधर्म वेगळा सांगायला नको. धाग्यांच्या दिशेने तो मोठा ताण सहज पेलतो, पण त्याच्या पोकळ नळीवर आडवा घाव बसला की चिरतो. कार्बन फायबर सायकलीचेही तसेच आहे. कार्बनचे केसाहून बारीक धागे इपॉक्सी राळेत बसवून, थरावर थर देऊन तिचा सांगाडा घडवितात. १९८६ मध्ये ग्रेग लेमाँड यांनी कार्बन सांगाड्याच्या सायकलीवर ‘टूर द फ्रान्स’ जिंकली. एकेकाळी केवळ शर्यतपटूंकडे दिसणाऱ्या या सायकली आता वापरलेल्या स्थितीत, कमी किमतीत हौशी सायकलस्वारांनाही मिळतात.

टिकाऊपणा किती?

कार्बन गंजत नाही आणि रोजच्या वापराच्या ताणाने सहसा थकत नाही. रंगाचा व लॅकरचा थर शाबूत असेल तर उन्हापासूनही त्याचे रक्षण होते. चंद्रपूरचा ४६-४७ अंशांचा उन्हाळाही चांगल्या प्रतीची राळ मऊ करू शकत नाही. त्यामुळे सायकल दहा वर्षांची आहे, एवढ्यावरून ती नाकारण्याचे कारण नाही.

खरा धोका

धातू आधी वाकतो आणि धोक्याची सूचना देतो. कार्बनचे तसे नाही. अपघातात, मोटारीवरील कॅरिअरच्या पकडीत किंवा स्क्रू अति आवळल्याने आतील थर सुटतात आणि वरचा रंग मात्र स्वच्छ दिसतो. पुढे एखाद्या खड्ड्यात तोच भाग अचानक तुटतो. फोर्क किंवा हँडल तुटल्यास स्वार थेट तोंडावर आपटतो. चंद्रपूर-मूल-गडचिरोली मार्गावर जंगलाचे लांब टप्पे आहेत, तर आष्टी-आलापल्ली भागात लोहखनिजाच्या अवजड वाहतुकीने रस्त्यांची हानी झाली आहे. अशा ठिकाणी मदत लवकर मिळेलच असे नाही.

काय तपासावे?

सायकल धुऊन, चांगल्या उजेडात पाहावी. फोर्कचा वरचा दांडा, हँडलची पकड, सीटपोस्ट, पेडलजवळचा सांधा आणि चाकांच्या रिम यांवर विशेष लक्ष द्यावे. भेग केवळ रंगाची आहे की खालच्या थराची, हे नखाने चाचपावे. नाण्याने हलके ठोकत गेल्यास निरोगी भाग खणखणीत वाजतो, तर थर सुटलेला भाग बद्द. मात्र ही चाचणी प्राथमिकच होय. शंका राहिल्यास अल्ट्रासाऊंड तपासणी करून घ्यावी.

फोर्क काढून पाहण्याचा आग्रह धरावा. विक्रेता नकार देत असल्यास व्यवहार सोडून द्यावा. अ‍ॅल्युमिनियमची सीटपोस्ट कार्बन सांगाड्यात घट्ट अडकलेली नाही ना, हेही पाहावे. दोहोंचा ओलाव्यात संपर्क आला की अ‍ॅल्युमिनियम गंजते. मूळ पावती आणि सांगाड्यावरील क्रमांक जुळवावा. बनावट सांगाडेही बाजारात येतात. कंपनीची हमी बहुधा पहिल्या खरेदीदारापुरतीच असते.

खरेदीनंतर

सांगाड्याच्या नळीची दुरुस्ती कुशल कारागीर करू शकतात. फोर्क, हँडल व सीटपोस्ट मात्र शंका येताच बदलावेत. त्यांचा खर्च किमतीत आधीच धरावा. स्क्रू अंदाजाने न आवळता टॉर्क रेंचने, त्या भागावर छापलेल्या मर्यादेतच आवळावेत. सायकलीचा पूर्वेतिहास कळत नसेल, तर त्याच पैशांत मिळणारी अ‍ॅल्युमिनियमची चांगली सायकल आपल्या रस्त्यांसाठी अधिक शहाणपणाची ठरते.