जेल मॅनिक्युअर : टिकाऊ रंगाचे फायदे, तोटे आणि घ्यावयाची काळजी

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा ओळखले जाते ते मालदांडी ज्वारीसाठी. या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. रब्बीची ज्वारी काढणे, पेंढ्या बांधणे, कणसे खुडणे आणि अखेर त्याच ज्वारीची भाकरी थापणे ही सारी हातांची कामे असून त्यांतील मोठा वाटा स्त्रियांचा आहे. सुगी सरली की लग्नसराई येते आणि याच हातांवर मेंदी व नखांवर रंग चढतो. साध्या नेलपॉलिशच्या जागी आता जेलचा आग्रह धरला जातो. एकेकाळी पुण्या-मुंबईच्या सलूनपुरती मर्यादित असलेली ही पद्धत तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे. घरच्या घरी जेल लावण्याचे संच आणि छोटे दिवेही ऑनलाइन मागवता येतात. रंग दोन-तीन आठवडे टिकतो, हे तिचे मोठे आकर्षण. मात्र या टिकाऊपणाची काही किंमत मोजावी लागते आणि ती प्रत्येकीला सारखी पडत नाही.

जेल म्हणजे काय?

साधे नेलपॉलिश हे द्रावकात विरघळवलेले रंगद्रव्य असते. द्रावक हवेत उडून गेले की रंगाचा पातळ थर नखावर उरतो. जेलचे तंत्र वेगळे आहे. त्यात ॲक्रिलेट आणि मेथाक्रिलेट या गटांतील रसायने असतात. त्यांच्यावर विशिष्ट दिव्याचा प्रकाश पडला की त्यांचे छोटे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन कठीण, सलग असे प्लास्टिकसदृश कवच तयार होते. ही प्रक्रिया सुरू करण्यासाठी जेलमध्ये प्रकाशाने जागृत होणारा एक घटकही मिसळलेला असतो. म्हणजेच जेल वाळत नाही, ते घट्ट होते.

नख साफ करून प्रथम बेस कोट, त्यावर रंगाचे दोन थर आणि शेवटी टॉप कोट असा क्रम असतो. प्रत्येक थरानंतर हात दिव्याखाली धरावा लागतो. एलईडी दिव्याला एका थरासाठी साधारण अर्धा ते एक मिनिट लागते, तर जुन्या पद्धतीच्या अतिनील दिव्याला सुमारे दोन मिनिटे. नखांसाठीचे जेल १९८० च्या दशकापासून ठाऊक असले, तरी नेलपॉलिशसारखे कुंचल्याने लावता येणारे आणि ॲसिटोनने काढता येणारे जेल २०१० च्या सुमारास जगभर लोकप्रिय झाले. नखांची लांबी वाढवण्यासाठी वापरले जाणारे कठीण जेल ॲसिटोनने निघत नाही, ते कानशीने घासूनच काढावे लागते. पार्लरमध्ये गेल्यावर यांपैकी कोणता प्रकार लावला जाणार आहे, हा प्रश्न आधी विचारावा.

फायदे कोणते?

पहिला फायदा टिकाऊपणाचा. साधे नेलपॉलिश धुणी-भांडी केल्यावर दोन-चार दिवसांत कडांवरून उडू लागते. जेल दोन आठवडे, क्वचित तीन आठवडेही तसेच राहते. हळद, लग्न, सत्यनारायणाची पूजा आणि पाठवणी असा लांबलेला कार्यक्रम एकाच रंगात पार पडतो. दुसरा फायदा वेळेचा. दिव्याखालून हात बाहेर काढताच काम करता येते, रंग ओला राहिल्याने साडीला लागण्याची भीती नसते. तिसरा फायदा असा की, कवच जाड असल्याने ज्यांची नखे पातळ व ठिसूळ आहेत त्यांना ती काही काळ मोडण्यापासून वाचवता येतात. नखे कुरतडण्याची सवय असलेल्या काहींनाही या कवचाचा उपयोग होतो.

जेल लावल्याने नखांचा ‘श्वास कोंडतो’ ही समजूत मात्र चुकीची आहे. नखाचा दिसणारा भाग हा केराटिन या प्रथिनाचा बनलेला मृत भाग आहे. त्याला प्राणवायू हवेतून मिळत नाही. वाढत्या नखाचे पोषण मुळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांतून होते.

नुकसान होते ते काढताना

नखाची सर्वाधिक हानी जेल लावताना नव्हे, तर काढताना होते. योग्य पद्धतीत वरचा चकचकीत थर हलक्या हाताने घासून, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून तो दहा-पंधरा मिनिटे गुंडाळून ठेवावा लागतो. त्यानंतर सैल झालेले जेल लाकडी काडीने अलगद निघते. एवढा धीर नसल्याने अनेक जणी सुटलेली कड धरून जेल सोलून काढतात किंवा धारदार वस्तूने खरवडतात. तेव्हा जेलबरोबर नखाचे वरचे थरही निघून येतात. नख पातळ, खरबरीत होते, त्यावर पांढरे डाग दिसतात आणि गरम पाण्यात हात घातल्यास झोंबते.

ही झीज क्रीम लावून एका दिवसात भरून येत नाही. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते आणि मुळापासून टोकापर्यंत नवे नख येण्यास साधारण सहा महिने लागतात. बिघडलेला भाग वाढून कापला जाईपर्यंत वाट पाहणे, एवढाच उपाय उरतो. ॲसिटोनमुळे नख व भोवतालची त्वचा कोरडी पडते, म्हणून नंतर खोबरेल तेल चोळणे हिताचे. ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही आहे, ही बाब घरी जेल काढणाऱ्यांनी विसरू नये. चूल, गॅसची शेगडी, देवघरातील निरांजन यांच्याजवळ हे काम मुळीच करू नये.

ॲलर्जी : सर्वांत गंभीर तोटा

नखाची झीज काही महिन्यांत भरून येते. ॲलर्जी मात्र एकदा जडली की बहुधा आयुष्यभर सोबत करते. पूर्ण घट्ट झालेले जेल सहसा त्रास देत नाही. त्रास देतात ती अर्धवट घट्ट झालेली किंवा ओली असताना त्वचेला लागलेली ॲक्रिलेट रसायने. त्यांतही ‘हेमा’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे रसायन प्रमुख आहे. नखाभोवती खाज, लाली, फोड, बोटांच्या टोकांना भेगा, नख त्याच्या गादीपासून सुटणे ही तिची लक्षणे. हाताने स्पर्श झाल्यामुळे पापण्या, गाल आणि मानेवरही पुरळ उठू शकते आणि तेव्हा कारण नखांत आहे हे पटकन लक्षात येत नाही.

अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये ॲक्रिलेटला त्या ‘वर्षाचा ॲलर्जीकारक घटक’ ठरवले होते. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ब्रिटन व आयर्लंडच्या त्वचारोग विभागांत चाचणी झालेल्यांपैकी सुमारे २.४ टक्के व्यक्तींना या गटातील किमान एका रसायनाची ॲलर्जी आढळली. हे लोक त्वचेची तक्रार घेऊनच आलेले होते, त्यामुळे हे प्रमाण सर्वसामान्यांना जसेच्या तसे लागू करता येणार नाही. तरीही इशारा पुरेसा स्पष्ट आहे. युरोपीय संघाने २०२१ पासून हेमा असलेली नखांची उत्पादने केवळ व्यावसायिकांनीच वापरावीत, असे बंधन घातले.

या ॲलर्जीचा परिणाम नखांपुरता राहत नाही. दात भरण्याचे काही मिश्रण, सांधा बदलताना वापरले जाणारे हाडांचे सिमेंट, मधुमेहींच्या साखर मोजणाऱ्या चकतीचा चिकट थर यांतही याच कुळातील रसायने असतात. विशीत हौसेने लावलेल्या जेलची ॲलर्जी साठीत गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवेळी डॉक्टरांना सांगावी लागते, ती यामुळे. बोटांच्या टोकांची त्वचा सोलवटल्यास ठसे नीट उमटत नाहीत आणि रेशन दुकानातील यंत्रावर अंगठा जुळवताना अडचण येऊ शकते.

सर्वाधिक धोका असतो तो पार्लरमध्ये रोज जेल हाताळणाऱ्या स्त्रीला. छोटा अभ्यासक्रम करून घरातच व्यवसाय सुरू करणाऱ्या अनेकींना याची कल्पना दिली जात नाही. ही रसायने साध्या पातळ लॅटेक्स हातमोज्यांतून काही मिनिटांत आरपार जातात. नायट्राइलचे हातमोजे त्या मानाने बरे, पण तेही वरचेवर बदलावे लागतात. खोलीत हवा खेळती ठेवणे आणि कानशीने घासताना उडणाऱ्या भुकटीपासून बचावासाठी मास्क वापरणे आवश्यक आहे.

दिव्याचा प्रश्न

जेल घट्ट करणारे दिवे मुख्यतः अतिनील-अ प्रकारची किरणे सोडतात. त्यामुळे कर्करोग होतो का, हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. अमेरिकेतील संशोधकांनी १७ दिव्यांची तपासणी करून २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिव्यादिव्यांतील किरणांचे प्रमाण फार वेगवेगळे आढळले. मात्र धोका अल्प असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सलग २० मिनिटे या किरणांखाली ठेवलेल्या पेशींपैकी २० ते ३० टक्के पेशी मृत झाल्या आणि उरलेल्यांच्या डीएनएमध्ये बिघाड दिसला. हा प्रयोग प्रयोगशाळेतील पेशींवर झाला होता. जिवंत हातावर त्वचेचे संरक्षक थर असतात आणि नेहमीच्या एका बैठकीत हात दिव्याखाली राहतो तो काळही कमी असतो. त्यामुळे या प्रयोगावरून कर्करोग होतोच असे सिद्ध होत नाही. पण वर्षानुवर्षे दर पंधरवड्याला दिव्याखाली हात धरणे निर्धोक आहे, असेही म्हणता येत नाही.

खबरदारीचा उपाय सोपा आहे. बोटांची टोके उघडी ठेवणारे हातमोजे घालावेत किंवा हातांना आधी सनस्क्रीन लावावे. प्रकाशाची ॲलर्जी असलेल्यांनी अथवा त्वचा प्रकाशास संवेदनशील करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेल लावू नये.

भाकरी, भांडी आणि शेत

कार्यालयात संगणकावर काम करणाऱ्या तरुणीचे जेल आणि मंगळवेढ्याच्या शिवारात राबणाऱ्या स्त्रीचे जेल सारखे टिकत नाही. ज्वारीत ग्लूटेन नसल्याने तिचे पीठ लाटले जात नाही. ते गरम पाण्यात मळून बोटांनी आणि तळव्याने थापावे लागते. लांब नखांखाली पीठ अडकते, वारंवारच्या पाण्याने जेलची कड सुटते आणि त्या फटीत ओल साचते. अशा ओलीत बुरशी व जिवाणू वाढतात. सतत पाण्यात काम करणाऱ्यांना नखुरडे होण्याची शक्यता मुळातच अधिक असते, त्यात ही भर पडते. काही वेळा जेलखाली नख हिरवट दिसते, तोही जिवाणूंचाच परिणाम. अशा वेळी वरून नवा थर देऊन डाग झाकणे म्हणजे दुखणे वाढवणे होय. फिक्या रंगांवर हळदीचे डाग पडतात, ते निराळेच.

खाद्यपदार्थांचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी नियमच आहेत. अन्नसुरक्षेच्या नियमावलीनुसार अन्न हाताळणाऱ्यांनी नखे कापलेली व स्वच्छ ठेवावयाची असून कृत्रिम नखे वापरावयाची नाहीत. कडक भाकरी बनवून विकणाऱ्या महिला बचत गटांनी हे ध्यानात ठेवणे गरजेचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णांच्या थेट संपर्कात असणाऱ्या कर्मचाऱ्यांनीही कृत्रिम नखे वापरू नयेत.

रुग्णालयात जाण्यापूर्वी

नखे ही डॉक्टरांसाठी शरीराची खिडकी असते. पांढरट नखांवरून रक्तक्षयाचा, निळसर नखांवरून प्राणवायूच्या कमतरतेचा अंदाज येतो. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तातील प्राणवायू मोजणारे यंत्रही बोटालाच लावतात आणि गडद रंगामुळे त्याच्या मोजणीत फरक पडू शकतो. साधे नेलपॉलिश दोन मिनिटांत पुसता येते, जेल नाही. म्हणून ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी आणि गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यात जेल काढून टाकणे शहाणपणाचे. डोहाळजेवणाच्या हौसेसाठी साधा रंग पुरेसा आहे.

खरेदी करताना

भारतात प्रसाधनांचे उत्पादन, आयात व विक्री ‘कॉस्मेटिक्स रूल्स, २०२०’ नुसार चालते. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, घटकांची यादी, बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत असणे अपेक्षित आहे. परदेशी मालावर आयातदाराचे नाव व नोंदणी क्रमांकही हवा. ही माहिती नसलेली स्वस्त बाटली घेऊ नये. घटकांच्या यादीत ‘टीपीओ’ हे नावही पाहावे. प्रकाशाने जेल घट्ट करणाऱ्या या रसायनाचा प्रजननक्षमतेवर अनिष्ट परिणाम होत असल्याचे प्राण्यांवरील अभ्यासांत दिसल्याने युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून प्रसाधनांत त्यावर बंदी घातली आहे. दिवा आणि जेल शक्यतो एकाच कंपनीचे असावेत, कारण न जुळणाऱ्या दिव्याखाली जेल वरून कडक व आतून कच्चे राहते. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

हे लक्षात ठेवा

* जेल नखाच्या कडेच्या त्वचेला लागू देऊ नये. लागल्यास दिव्याखाली हात नेण्यापूर्वी पुसावे.
* नखाच्या मुळाशी असलेली त्वचा कापू नये, ती जंतूंना अडवते.
* पार्लरमधील अवजारे प्रत्येक ग्राहकानंतर निर्जंतुक होतात का, हे पाहावे.
* सुटू लागलेले जेल ओढू नये.
* दोन वेळांच्या मध्ये काही आठवडे नखे मोकळी ठेवावीत, म्हणजे त्यांची खरी अवस्था दिसते.
* खाज, फोड वा वेदना जाणवताच जेल काढून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

पुरेसा वेळ देऊन लावलेले, त्वचेपासून दूर ठेवलेले आणि धीराने काढलेले जेल एखाद्या लग्नापुरते बहुतेकींना त्रास देत नाही. ज्यांचे हात रोज पाण्यात, पिठात आणि मातीत असतात, त्यांनी ते कार्यापुरतेच लावून नंतर नीट काढून टाकावे. शुद्ध मेंदी आणि साधे नेलपॉलिश हे पर्याय आजही उपलब्ध आहेत. फक्त ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या, केसांच्या रंगातील रसायन मिसळलेल्या लेपापासून दूर राहावे, कारण त्यानेही तीव्र ॲलर्जी होते.