मिश्र सिमेंटचे सजलीकरण आणि औष्णिक विश्लेषण : जासई परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील जासई हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते प्रामुख्याने १६ व १७ जानेवारी १९८४ च्या शेतकरी आंदोलनामुळे. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या लढ्यात पाच जणांना गोळीबारात प्राण गमवावे लागले. भातखाचरे आणि मिठागरे यांच्या या पट्ट्यात पुढील चार दशकांत काँक्रीट उभे राहिले. १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या, सुमारे २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचा एक जोडमार्ग जासईला उतरतो. एवढी किंमत मोजून उभारलेली ही बांधकामे खाऱ्या हवेत किती काळ टिकतील, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा मानता येत नाही. वाशीजवळ १९७३ मध्ये खुल्या झालेल्या ठाणे खाडी पुलाच्या पोलादी तारा गंजल्या आणि १९९७ पर्यंत शेजारी दुसरा पूल बांधावा लागला, हे उदाहरण फार दूरचे नाही. या टिकाऊपणाचा अंदाज घेण्याच्या एका साधनाची वाटचाल प्रस्तुत लेखात पाहावयाची आहे.

सुरखीपासून फ्लाय ॲशपर्यंत

चुन्यात भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळून घाणीत मळण्याची रीत येथील गवंड्यांना जुनीच होती. भाजलेल्या मातीतील सिलिका चुन्याशी संयोग पावते, हेच तत्त्व मिश्र सिमेंटच्या मुळाशी आहे. १८६२ मध्ये जर्मनीत एमिल लँगेन याने पाण्यात एकदम थंड केलेल्या धातुमळीचा, म्हणजे स्लॅगचा, हा गुण ओळखला. औष्णिक वीजकेंद्राच्या राखेवरील पहिला मोठा अभ्यास १९३७ मध्ये अमेरिकेत डेव्हिस व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. भारतीय मानकांनुसार पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश, तर स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के धातुमळी चालते. महाराष्ट्रात घाटघर प्रकल्पाच्या धरणांत, जी रोलरने दाबलेल्या काँक्रीटची देशातील पहिली धरणे होत, राखेचे वजन सिमेंटपेक्षाही अधिक ठेवण्यात आले.

तथापि मिसळलेली राख खरोखर कामाला लागली, की नुसतीच भर म्हणून पडून राहिली, हे बाहेरून दिसत नाही. २८ दिवसांच्या दाबसामर्थ्याची चाचणी याबाबत अपुरी ठरते. राखेची क्रिया मंद असून तिचा बराच भाग त्यानंतर घडतो.

एका वर्षातील दोन शोध

या प्रश्नाच्या उत्तराची दोन्ही सूत्रे एकाच व्यक्तीच्या हाती होती, हा इतिहासातील लक्षणीय योगायोग होय. पॅरिसचे खाण-अभियंता आंरी ल शातेलिए यांनी १८८७ मध्ये जलदृढ चुन्यांवरील आपला प्रबंध सादर केला. सिमेंटच्या घटकांचे आधुनिक रसायनशास्त्र तेथून सुरू होते. त्याच वर्षी त्यांनी प्लॅटिनमचे तापयुग्म वापरून माती तापविताना होणारे बदल छायाचित्रण पट्टीवर नोंदविले आणि औष्णिक विश्लेषणाचा पाया घातला. परंतु या दोन विषयांची खरी सांगड पडण्यास बराच काळ लागला. १८९९ मध्ये रॉबर्ट्स-ऑस्टिन यांनी भेददर्शी पद्धत आणली; १९१५ मध्ये जपानचे कोतारो होंडा यांनी तापविताना वजन करणारा तराजू बनविला. कॅनडात काम केलेले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांचा सिमेंट रसायनातील भेददर्शी औष्णिक विश्लेषणावरील ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला.

मापन आणि त्यातील चकवे

सिमेंट पाण्याशी संयोग पावताना विरलेला चुना मुक्त होतो. घट्ट झालेला नमुना तापविला असता सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान हा चुना आपले पाणी सोडतो व वजन घटते. चुन्याच्या ७४ भागांतून पाण्याचे १८ भाग जात असल्याने या घटीस ४.११ ने गुणले की चुन्याचे प्रमाण मिळते. राखेने चुना खाल्ला असेल, तर ही घट लहान होते.

हिशेब येथे संपत असता, तर काम सोपे होते. मिश्र सिमेंटमध्ये क्लिंकरच मुळात कमी असते, त्यामुळे चुनाही कमी निघतो. म्हणून तुलना क्लिंकरच्या प्रत्येक ग्रॅममागे करावी लागते. हा साधा नियम न पाळता राखेची स्तुती करणे, हा या विषयातील नेहमीचा दोष होय. शिवाय राखेचे सूक्ष्म कण सुरुवातीस क्लिंकरचे सजलीकरण वेगवान करतात, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत क्लिंकरमागे चुना उलट वाढलेला दिसू शकतो. धातुमळी तर स्वतःच सजलित होते व चुना कमी वापरते. तिच्यासाठी एकूण बद्ध पाण्याचे मापन अधिक उपयुक्त ठरते. १९८६ मध्ये भट्टी यांनी मांडलेल्या रीतीत कार्बोनेटच्या घटीला ०.४१ ने गुणून तीही बद्ध पाण्यात मिळविली जाते, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइडने चुन्याचे पाणी आधीच हुसकावलेले असते.

चुना कमी होणे सर्वस्वी हिताचे आहे, असेही नाही. राखेच्या क्रियेने काँक्रीट घट्ट होऊन क्षारांचा शिरकाव मंदावतो. मात्र पोलादाला गंजापासून वाचविणारी अल्कता टिकविण्यास राखीव चुनाच उपयोगी पडतो. खाडीकाठी या दोहोंचा तोल महत्त्वाचा ठरतो.

जासईसारख्या ठिकाणच्या जुन्या काँक्रीटचा नमुना तपासताना आणखी एक अडचण उद्भवते. येथील खडी काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची असल्याने ६०० ते ८०० अंशांदरम्यान दिसणारी कार्बोनेटची घट हवेमुळे झाली, असे मानण्याचा मोह होतो. परंतु मुंबई परिसरातील अनेक बांधकामांत खाडीची रेती वापरली गेली, आणि त्या रेतीत शिंपल्यांचे तुकडे असतात. शिंपलाही त्याच तापमानाला तोच वायू सोडतो. तराजूला हा फरक कळत नाही. म्हणून नमुना भट्टीत ठेवण्यापूर्वी त्यातील रेती भिंगाखाली पाहणे आवश्यक ठरते.