टायपिंगपासून फ्रंट-एंडपर्यंत: सर्टिफिकेटाची गोष्ट

फ्रंट-एंडचा ऑनलाइन कोर्स केला की जे सर्टिफिकेट मिळतं, त्याची किंमत नेमकी किती? यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलामुलींच्या डोक्यातला हा प्रश्न. उत्तरासाठी जरा मागे जाऊ.

आपल्याकडे सर्टिफिकेट म्हणजे आधी टायपिंग. मराठी ३०, इंग्रजी ४०. परीक्षा सरकारी, शिक्का सरकारी, आणि क्लार्कच्या जाहिरातीत अट तीच. मग २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी आलं. परीक्षा तंत्रशिक्षण मंडळाची. सरकारी नोकरीसाठी त्याची अट आली आणि यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेडसारख्या गावांत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या दिसू लागल्या. या क्लासनं तीन गोष्टी दिल्या: समोर मशीन, बाजूला सर, आणि शिकायला मराठी.

वेबची गोष्ट मात्र वेगळी. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत लिहिला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. सीएसएसचं पहिलं प्रमाण आलं १९९६ च्या डिसेंबरात. तेव्हा या कामाचं सर्टिफिकेट कोण देणार? लोक ब्राउझरमध्ये 'व्ह्यू सोर्स' करायचे, दुसऱ्याच्या पानाचा कोड बघायचे आणि शिकायचे. म्हणजे बघा, हा धंदा आधी उभा राहिला, सर्टिफिकेट मागून आलं.

२०१२ मध्ये कोर्सेरा सुरू झालं, २०१४ मध्ये फ्रीकोडकॅम्प. फ्रीकोडकॅम्पनं एक चांगली गोष्ट केली. सर्टिफिकेट फुकट, पण आधी पाच प्रोजेक्ट करून दाखवा: सर्व्हे फॉर्म, पोर्टफोलिओ वगैरे. इथं सर्टिफिकेटाचा अर्थच बदलला. टायपिंगच्या वेळी प्रश्न होता, शिक्का कुणाचा? आता प्रश्न आहे, तू बनवलंस काय?

मग २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. घाटंजी किंवा झरी-जामणीत बसून लेक्चर बघता येऊ लागलं. पण मोबाइलवर व्हिडिओ बघणं वेगळं आणि कोड लिहिणं वेगळं. बहुतेक चांगले धडे इंग्रजीत. अडलं तर विचारायला शेजारी कुणी नाही. क्लासनं दिलेल्या त्या तीन गोष्टी, मशीन, सर आणि मराठी, ऑनलाइन कोर्समध्ये आपल्या आपणच उभ्या कराव्या लागतात. माझ्या मते मुलं कोर्स अर्धवट सोडतात ती इथंच. त्याला नुसता आळस म्हणणं बरोबर नाही.

म्हणून सांगतो, सर्टिफिकेट जरूर घ्या, पण त्याला टाइमटेबल समजा. त्याच्या धाकानं अभ्यास होतो, एवढं पुष्कळ. दोघाचौघांनी मिळून शिका. एक लॅपटॉप वाटून वापरता येतो आणि अडलेलं मराठीत बोलता येतं. आणि आपल्या गावाच्या उपयोगाचं काहीतरी बनवा. बाजार समितीतल्या कापसाचे भाव मोबाइलवर नीट वाचता येतील असं एक साधं मराठी पान. गिटहब पेजेसवर ते फुकट टाकता येतं. इंटरव्ह्यूत सर्टिफिकेटावर एखादा प्रश्न येईल. त्या पानावर मात्र अर्धा तास बोलता येईल.

तुम्ही काय बनवताय ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!