पोटगीचे गणित : ‘एकूण’ या एका शब्दाची कथा

विभक्त झालेल्या आईबापांच्या मुलाला जगवण्यासाठी जे द्यावयाचे, त्याला मराठीत दोन नावे आहेत. जुन्या धर्मशास्त्रीय आणि कायदेविषयक लेखनात ‘अन्नवस्त्र’ येते. बोलण्यात आणि कचेरीत ‘पोटगी’. पहिल्या शब्दात वस्तू आहेत, पण संख्या नाही. दुसऱ्यात केवळ पोट आहे, आणि ते उच्चारताच ‘किती?’ हा प्रश्न उभा राहतो. आम्ही भाषेचे शिक्षक, कायद्याचे नव्हे. तरीही या ‘किती’चा इतिहास आम्हांला वाङ्मयाच्या अभ्यासकानेही वाचावा असा वाटतो. याचे कारण असे की, त्यातील निर्णायक वळणे अनेकदा शब्दार्थावरच घेतली गेली आहेत.

याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिली गेली. हे कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, 1948 पर्यंत जालन्याप्रमाणेच निजामाच्या राज्यात होते. वृद्ध मातापिता, साध्वी पत्नी आणि लहान मूल यांचे पोषण शंभर अकार्ये करूनही करावे, असा मनूच्या नावे सांगितला जाणारा दंडक या परंपरेने प्रमाण मानला. कर्तव्याची एवढी थोर भाषा असूनही तिथे आकडा नाही. एकत्र कुटुंबात, एका कोठीतून धान्य निघत असताना त्याची गरजही नव्हती. आकडा लागतो तो चुली वेगळ्या झाल्यावर, आणि तो प्रथम घातला इंग्रजांनी.

1861 च्या पहिल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत बायको-मुलांना निर्वाहाची रक्कम देवविण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला मिळाला. कमाल मर्यादा महिना 50 रुपये. ही तरतूद फौजदारी कायद्यात का यावी? उत्तर फारसे सुखद नाही. उपाशी बायको-मुले रस्त्यावर येतील, भटकतील, चोऱ्या करतील, ही ती भीती होती. मुलाच्या हक्कापेक्षा वाटसरूच्या खिशाची काळजी अधिक! 1898 च्या संहितेतील कलम 488 मध्ये हाच 50 रुपयांचा आकडा राहिला. 1923 मध्ये तो 100 झाला आणि 1955 मध्ये 500.

जालन्याची वाट यात थोडी निराळी. आजचा जिल्हा 1 मे 1981 रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला (परतूर तेवढा परभणीचा); त्याआधीचा हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. तिथली न्यायालये संस्थानच्या स्वतंत्र कायद्यांनी, उर्दूतून चालत. जालन्यापासून काही कोसांवरच्या सिंदखेडराजाला मात्र, ते वऱ्हाडात असल्यामुळे, ब्रिटिश हिंदुस्थानाचे कायदे लागू होत. सोयरिकी तर दोन्हीकडे होत होत्या! माहेरी परतलेल्या लेकीच्या मुलाचे कोणत्या कायद्याने व्हावे, हा प्रश्न अशा वेळी उभा राहत असणार. 1898 ची संहिता मराठवाड्याला लागू झाली ती 1 एप्रिल 1951 पासून.

1973 च्या नव्या संहितेत कलम 488 चे 125 झाले. 500 चा आकडा तसाच राहिला. कलमात ‘इन द होल’ असे शब्द होते. एकूण पाचशे. पण कशाचे एकूण? बायको आणि चार मुले असतील तर पाचांचे मिळून पाचशे, की प्रत्येकाचे अन्न, वस्त्र, औषध, शाळा असे सर्व मिळून पाचशे? 1978 मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दुसरा अर्थ स्वीकारला. बेरीज माणसांची नव्हे, एका माणसाच्या गरजांची करावयाची. तीन अक्षरी ‘एकूण’ने मुलांना आईच्या वाट्यातून बाहेर काढून स्वतंत्र वाटेकरी केले. अर्थनिर्णयाचा याहून सरस धडा आम्हांला कुठल्या समीक्षाग्रंथात सहसा सापडत नाही.

तरीही पाचशे ते पाचशेच. महाराष्ट्राने 1999 मध्ये मर्यादा 1500 केली आणि 2001 मध्ये संसदेने ती संपूर्ण देशासाठी काढूनच टाकली. 1 जुलै 2024 पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आहे. मधल्या काळातील आणखी एक टप्पा सांगायलाच हवा. शाहबानो प्रकरणानंतर 1986 चा कायदा झाला, तेव्हा घटस्फोटित मुस्लिम स्त्रीच्या मुलांना केवळ दोन वर्षांपर्यंतच पोटगी, असा अर्थ काढला जाऊ लागला. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. मुलाचा हक्क आईच्या हक्काला जोडलेला नाही, तो त्याचा स्वतःचा आहे.

मर्यादा गेली, पण मग मोजायचे कसे? 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलाचा भार बाप आणि आई दोघांवरही टाकला आहे. दोघेही नोकरीत असलेल्या एका जोडप्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये प्रत्येक मुलाची गरज महिना 3000 रुपये धरली आणि बापाचा पगार आईच्या सुमारे दुप्पट म्हणून ती 2:1 अशी वाटली. म्हणजे 2000 बापाचे, 1000 आईचे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2004 मध्ये वेगळी रीत सांगितली. कुटुंबाचे उत्पन्न म्हणजे एक भाकरी समजा (न्यायालयाने केक म्हटले होते, आम्ही भाकरी म्हणतो). मिळवत्याला दोन भाग, बाकी प्रत्येकाला एक. घरात बाप, आई, दोन मुले असतील आणि बापाला 20,000 मिळत असतील तर पाच भाग, प्रत्येकी 4000; आई-मुलांचे 12,000. जर्मनीत 1962 पासून उत्पन्न आणि मुलाचे वय पाहून रक्कम सांगणारा ड्युसेलडॉर्फ तक्ता आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने पोटगी देणाऱ्या पालकाच्या उत्पन्नाचे एका मुलासाठी 17 टक्के, दोघांसाठी 25 टक्के असे सरळ ठरवून दिले. आपल्याकडे असा बंधनकारक तक्ता नाही. न्यायाधीशाची विवेकबुद्धी हाच तक्ता.

या सगळ्या रीती पगाराची पावती गृहीत धरतात. जालन्यात ती किती जणांजवळ आहे? सळईच्या कारखान्यातला कंत्राटी मजूर हजेरीवर जगतो. मोसंबीची बाग एक वर्ष देते, दुसऱ्या वर्षी पाण्यावाचून सरपणाला जाते. सात-बारा आजोबांच्या नावावर असतो आणि बाप न्यायालयात ‘माझ्या नावे काहीच नाही’ असे, कागदोपत्री खरेच, सांगू शकतो. आणि अंबड-घनसावंगीकडून साखर कारखान्यांवर जाणारी ऊसतोड टोळी! तिथे मजुरी माणसाची नव्हे, ‘कोयत्या’ची असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीवर मिळते आणि ती सहसा नवऱ्याच्या हाती पडते. जोडी फुटली की कोयता अर्धा होतो. अशा वेळी त्या बाईचे आजवरचे उत्पन्न किती धरावे? मोळ्या तिनेही बांधल्या, वाहिल्या. हिशेबाच्या वहीत तिचे नाव बहुधा नसतेच. पुढे मुलाला सांभाळताना तिचा जो वेळ जातो, त्याला तर कोणत्याच वहीत रकाना नाही. आमच्या मते 2:1 सारख्या प्रमाणाचा खरा दोष हाच आहे.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या एका प्रकरणात 4 नोव्हेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या अंधारात काही दिवे लावले. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठाने दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे असे सांगितले. त्यात शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. दारिद्र्यरेषेखालील आणि हंगामी मजुरांना सूट देण्याची सोय आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हेही तेथेच निश्चित झाले. त्या प्रकरणातील मुलासाठी सप्टेंबर 2013 पासून महिना 5000 आणि सप्टेंबर 2015 पासून 10,000 अशी अंतरिम रक्कम ठरली होती. अंतरिम! तान्हे मूल सात वर्षांचे होईपर्यंत वाद तिच्यावरच चालला होता.

ठरलेली रक्कम हाती पडणे हे आणखी वेगळे प्रकरण. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते आणि कैद भोगल्याने देणे फिटत नाही, असे 1989 मध्येच स्पष्ट झाले आहे. मात्र वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. मजुरी बुडवून तालुक्याला जाणारी आई ते वर्ष चुकवते, तेव्हा या मार्गाने ती रक्कम वसूल होत नाही. शिवाय फौजदारी कायद्यातील पोटगी सर्वसाधारणपणे मूल अज्ञान असेपर्यंतच, म्हणजे अठरा वर्षांपर्यंत. बारावीची परीक्षा आणि अठरावा वाढदिवस बहुधा एकाच सुमारास येतात. जून-जुलैत प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाच्या शुल्काचा आकडा त्यामुळे या गणितात येतच नाही.